जित्या माणसाच्या फोटोला हार

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणी मला धीराची बाई समजायला नको. फोन वाजला की उचलायच्या आधीच मी वाईट बातमी गृहीत धरते. लग्नाच्या मांडवात वऱ्हाडी मंडळींना "हात खाली, मान वर, इकडे बघा" म्हणून दरडावणारी मी, घरातलं कुणी यायला जरा उशीर झाला की दारात उभी असते. नवरा म्हणतो, हातात कॅमेरा असेपर्यंत ही वाघीण, खाली ठेवला की शेळी. खोटं नाही ते. कॅमेऱ्याच्या मागे लपता येतं.

हिंगोलीत आमचा स्टुडिओ अब्बांच्या वेळेपासून आहे. पासपोर्ट, लग्न, बारसं, शाळेचे ग्रुप, जे येईल ते. गंमत अशी, की जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या अब्बांनी स्वतःच्या घरात भिंतीवर एकही फोटो लावला नाही. आमच्याकडे लावत नाहीत. ते गेले तेव्हा त्यांचा एक चांगला फोटो होता, तो अम्मीने कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला. भिंतीवरच्या फोटोला हार घालतात, तो कुणाला घालतात, हे मला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बघून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि स्वतःच्या अंगावर येणं वेगळं.

काही वर्षांपासून मला एक नाद लागला आहे. आमच्याकडे हळद निघाली की ती शिजवायला, वाळवायला, ड्रममध्ये घोळून काढायला बाहेरून टोळ्या येतात. मेळघाटातून येतात, किनवटच्या डोंगरातून येतात. शेतात पाल ठोकून राहतात आणि हंगाम संपला की जातात. गावाला त्यांची नावं कळत नाहीत. "हळदवाले आले, हळदवाले गेले" एवढंच. मी त्यांच्या शेतावर जाते, एकेकाला काळ्या कापडापुढे बसवते, फोटो काढते आणि तो माणूस जे बोलेल त्यातल्या दोन-चार ओळी खाली लिहिते. प्रत्येकाला एक प्रत देते. प्रतीच्या मागे स्टुडिओचा शिक्का आणि माझा नंबर असतो.

त्यांतला एक कनेरगाव नाक्याजवळच्या शेतावर भेटला. मेळघाटातला कोरकू, तिशीच्या आतबाहेरचा. हळद शिजवायच्या बॉयलरवर काम करून करून भुवयांपर्यंत पिवळा झालेला. फोटो काढताना हसत नव्हता, आणि मी हसा म्हटलंही नाही. त्याने सांगितलेलं मी खाली लिहिलं: घरी गेलो की बायको दगडानं घासून घासून आंघोळ घालते, तरी महिनाभर गोधडी पिवळी होते. त्याखाली त्याच्या गावाचं नाव.

यंदा मार्चमध्ये एका वाचनालयाने या फोटोंचं प्रदर्शन लावलं. सभागृहाच्या दोन भिंती भरल्या. काळ्या चौकटी, वर काच. उद्घाटनाला एक मोठे पाहुणे येणार होते, म्हणून झेंडूचे हार ढीगभर आणले होते. पाहुणे आलेच नाहीत. त्यांच्या मागे येणारी माणसंही आली नाहीत. हार टोपलीत तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी एका लग्नाच्या कामाला गेले होते. संध्याकाळी येऊन बघते तो प्रत्येक फोटोला हार आणि खाली उदबत्ती. वाचनालयाचे शिपाईकाका कौतुकाची वाट बघत उभे होते.

"फोटो लई उघडे दिसून राहिले व्हते, ताई," ते म्हणाले. "अन् हार बी सुकून चालले व्हते."

त्यांचा काही दोष नव्हता. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्या सभागृहाच्या भिंतीवर जो फोटो लागला त्याला त्यांनी हार घातला होता. जयंती असो, पुण्यतिथी असो, चौकटीतला माणूस म्हणजे हाराचा मानकरी. मी हसले आणि एकेक हार उतरवला. मनात म्हटलं, चला, या लोकांना कुणी हार घातला असता एरवी?

तेवढ्यात, म्हणजे सकाळ ते संध्याकाळ एवढ्या वेळात, कुणीतरी एका हारवाल्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला होता. कुणी, ते आजही कळलेलं नाही. वाईट मनाने काढला असेल असंही वाटत नाही. पण तो एका ग्रुपवर गेला, तिथून दुसऱ्यावर, आणि खाली गावाचं नाव आणि स्टुडिओचा नंबर स्पष्ट वाचता येत असल्यामुळे कुणा भल्या माणसाने तो बरोबर त्या गावच्या पोराला पाठवला.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. अनोळखी नंबर. पलीकडे वारा घोंघावत होता, कारण त्यांच्या गावात रेंज नाही, टेकडीवर चढून बोलावं लागतं.

"हिंगोलीच्या फोटोवाल्या बाई बोलता काय?"

"हो, बोला."

"आमच्या जावायाले काय झालं?"

त्याने नाव सांगितलं. तो त्या पिवळ्या भुवयांच्या माणसाचा मेहुणा होता, बायकोचा भाऊ. मला काहीच उमजेना. "काय झालं म्हणजे?" मी विचारलं.

"हार घातला ना तुमी फोटोले."

मी घाईघाईने सांगायला लागले, की असं असं झालं, शिपायाने घातला, हार उरले होते. वाऱ्यात त्याला किती ऐकू गेलं देव जाणे. शेवटी मी ओरडून म्हटलं, "काही झालेलं नाही. तुम्ही घाबरू नका. तो बरा आहे."

आणि म्हणता म्हणता माझे शब्द माझ्याच कानांवर पडले.

अब्बा गेले तेव्हा मी वसमतला एका लग्नात होते. नवऱ्याचा फोन आला: "अब्बा की तबियत जरा नरम है, आ जाव. घबराने की बात नहीं." घाबरायची गोष्ट नाही म्हणाला, तिथेच मला कळलं. आमच्याकडे मेल्याची बातमी फोनवर कुणी देत नाही. जरा जास्त आहे म्हणतात, दवाखान्यात आहे म्हणतात, काही नाही, तू आधी जेवून निघ म्हणतात. वाटेत माणसाने हाय खाऊ नये म्हणून. हे सगळ्यांना ठाऊक असतं, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही.

"असंच सांगतेत, बाई," मेहुणा शांतपणे म्हणाला. "आमीबी असंच सांगतो." फोन कट झाला. परत लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

खुर्चीत बसले तेव्हा खरी भीती वाटली. तो बरा आहे असं मी छातीठोक सांगितलं होतं, पण मला तरी कुठे माहीत होतं? मी त्याला पाहून महिना होत आला होता. त्याचा मोबाइल लावला, बंद. मग कनेरगावच्या शेतकऱ्याला लावला.

"टोळी तर गेली की इथून," ते म्हणाले. "आमची हळद उरकली. वसमतकडं कुठंतरी काम लागलं म्हणत व्हते. काहून?"

मी सहज विचारलं म्हटलं. ते म्हणाले, "तिकडं बॉयलरवर कुणीतरी भाजलं म्हणून कानावर आलं, ताई. त्या टोळीतलाच व्हय. कोण ते काई म्हाईत न्हाई."

मी अपशकुन मानत नाही. मांजर आडवं गेलं तर मांजराची काळजी करणारी मी. पण त्या दुपारी मी सगळं मानलं. हार आधी आणि माणूस मागून, असंही होत असेल असं वाटायला लागलं. आणि खोटं कशाला सांगू, त्याच्याबरोबर माझी स्वतःचीही भीती होती. सध्याचे दिवस कसे आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. एका आदिवासी माणसाचा फोटो, त्यावर हार, आणि फोटो काढणारी बाई आमच्यातली. यातून कोण काय गोष्ट रचेल आणि ती कुठवर जाईल, याचा नेम नव्हता. नवऱ्याला सांगितलं. तो गल्ल्यावरून उठला, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाला, "तुम जाव. दुकान मैं देख लेता. बैठ के क्या डरना, जा के डरो."

वसमतच्या बसमध्ये बसले. औंढ्याच्या अलीकडे मेहुण्याचा फोन पुन्हा आला.

"आमी निघालो, बाई. बहीण हाये संगं. अकोल्याहून वाशिम, वाशिमहून हिंगोली. सकाळी पोचतो."

"अहो, येऊ नका, मी त्याच्याकडेच निघाले आहे, तुमचं बोलणं करून देते."

"बॉडी हलवू नका तोवर," तो म्हणाला. "माती घरीच देऊ."

मी बसमध्ये सगळ्यांसमोर ओरडले की तो जिवंत आहे. पुढच्या सीटवरचा म्हातारा वळून बघायला लागला. पलीकडून मेहुणा हळू आवाजात म्हणाला, की बहीण शेजारीच बसली आहे, तिला अजून काही सांगितलेलं नाही, नुसतं जरा जास्त आहे म्हणून सांगितलंय. आणि फोन ठेवला. त्यानंतर तोही बंद झाला, बॅटरी संपली असावी. म्हणजे मी जितकं खरं बोलत होते तितकं त्यांना खोटं वाटत होतं, आणि बाजूला बसलेल्या तिला सगळं आधीच कळलेलं असणार, जसं मला कळलं होतं.

वसमतला उतरून आधी दवाखाना गाठला. सिस्टरबाईंनी हळदवाला म्हणताच कोपऱ्यातली खाट दाखवली. दोन्ही पायांना मांडीपर्यंत पट्ट्या, आणि माणूस भिंतीकडे तोंड करून निजलेला. मी माणसं समोरून ओळखते. पाठमोरा माणूस मला कुणीही वाटतो. मानेवरचे केस पिवळे होते, पण त्या टोळीत सगळ्यांचेच पिवळे. खाटेच्या या बाजूला मी किती वेळ उभी राहिले कुणास ठाऊक. पलीकडे जाऊन तोंड बघायचं धाडस होईना. शेवटी त्यानेच कूस बदलली.

दुसरा कुणी होता. टोळीतला वयस्क माणूस. मी त्याचाही फोटो काढला होता, त्याने मला ओळखलं आणि पडल्या पडल्या हात जोडले. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच रडायला लागले, आणि तो बिचारा माझी समजूत घालायला लागला, की बरं होऊन राहिलं, बाई, रडू नका. त्याला वाटलं मी त्याच्या पायांसाठी रडते आहे. मला लाज वाटली, पण आनंद काही कमी झाला नाही. टोळी कुठे आहे ते त्याने सांगितलं. तुमच्यातला तो बरा आहे ना, असं मात्र मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तोही "बरा आहे" म्हणाला असता, आणि मला ते पटलं नसतं.

गावाबाहेर रिक्षाने गेले. बांधावरून चालताना कच्च्या हळदीचा उग्र वास नाकात बसला. बॉयलर सुरू होता आणि वाफेत माणसं नुसत्या सावल्यांसारखी हलत होती. मी नावाने हाक मारली. कुणी ओ देईना. पुन्हा मारली, तर आवाज चिरका निघाला. मग एक सावली टोपली खाली ठेवून वाफेतून बाहेर आली, पिवळ्या भुवया चोळत.

"काय झालं, बाई? फोटो बिघडला काय?"

मी त्याचं मनगट धरलं. परक्या माणसाचं मनगट असं मी कधी धरत नाही. गरम होतं. त्याला बसवून सगळं सांगितलं. आधी तो हसला, टोळीतले सगळेच हसले, एकाने त्याला राम राम भूतबाबा म्हटलं. मग मी सांगितलं की त्याची बायको निघाली आहे, आणि त्याचं हसू गेलं.

"तिचा बाप असाच कामावर गेलता," तो म्हणाला. "रस्त्याच्या कामावर. फोन आला, बरा हाये, या म्हणून. गेली तं चादर टाकून ठेवला व्हता."

हातपाय धुवून, शर्ट बदलून तो माझ्याबरोबर निघाला. त्याचा मोबाइल हळदीच्या पाण्यात पडून बंद झाला होता. बसमध्ये तो खिडकीशी बसला होता आणि मी दर थोड्या वेळाने त्याच्याकडे बघत होते. आता माझी भीती वेगळीच झाली होती: हा सापडला आहे, आता सकाळपर्यंत याला काही होऊ नये. रस्ता ओलांडताना मी त्याचा शर्ट धरला. त्याला स्टुडिओत झोपायला जागा दिली आणि घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, पंखा नीट लावलेला आहे ना, पडणार नाही ना. नवऱ्याने मला झोपायला सांगितलं.

सकाळी तो आणि मी डेपोत उभे होतो. वाशिमकडून बस आली की मी पुढे व्हायची. एवढ्या धक्क्याने माणसं पडतात, हे मी ऐकलेलं. दुःखाने पडतात तशी आनंदानेही. मी त्याला म्हटलं, तू खांबाआड थांब, मी आधी तिला सांगते. तो म्हणाला, "तुमचं तं त्यायले काईच पटत नाई." ते खरंच होतं. तो उघड्यावर उभा राहिला, बसच्या दाराकडे तोंड करून, फोटोत बसला होता तसाच न हसता.

तिसऱ्या का चौथ्या बसमधून ते उतरले. मेहुणा आधी, मग ती. बारकीशी, पदर कानांमागे खोवलेला, हातात एक पिशवी. तिने त्याला पाहिलं आणि पायरीवरच थांबली. मागची माणसं उतरा उतरा म्हणायला लागली. ती उतरली, त्याच्याजवळ आली आणि बाजारात भाजी चाचपतात तसा त्याचा दंड चाचपला. मग खांदा, मग कान. तो उभा राहिला. कुणी रडलं नाही. मेहुणा मात्र मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसून राहिला. ती नळावर गेली, तोंड धुतलं, पाणी प्याली आणि मग माझ्याकडे आली. मी मनाची तयारी केली होती. शिव्या दिल्या तरी ऐकून घ्यायच्या.

"फोटो कुठी हाये?"

मी तिला सभागृहात घेऊन गेले. शिपाईकाकांनी कुलूप काढलं आणि काय झालं ते कळल्यावर कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, मान वर करेनात. ती फोटोपुढे उभी राहिली. खालच्या ओळी मी वाचून दाखवल्या, आंघोळीच्या आणि गोधडीच्या. तिने नवऱ्याकडे एक नजर टाकली. त्याने मान फिरवली.

"चांगला काढला," ती म्हणाली. मग चौकटीला हात लावून, "त्याले इचारलं व्हतं ना, काढू काय म्हणून?"

"विचारलं होतं. तो हो म्हणाला."

"मले कोनी इचारलं नाई."

इतकी वर्षं मी प्रत्येकाला विचारूनच फोटो काढत आले, त्याचा मला केवढा अभिमान होता. फोटोतल्या माणसाचं घरी कुणी असतं, त्यांच्यापाशी तो फोटो कसा पोचेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी फोटो उतरवला आणि हवं तर फाडून टाका म्हटलं.

"फाडू काहून? घरी नेतो." तिने चौकट पदराने पुसली. "लावणार नाई पण. पेटीत ठेवीन. हा गेला की लावीन."

हे तिने त्याच्यासमोरच म्हटलं, धान्य पावसाळ्यासाठी ठेवीन म्हणावं तसं. तो हसला. "अन् तू आधी गेली तं?"

ती विचारात पडली. खरंच, याचा विचार झालेला नव्हता. मग ती माझ्याकडे वळली. "तं मायाबी काढून द्या एक. आत्ताच."

मी नको म्हणाले. आपण पुन्हा कधीतरी काढू, तुम्ही दमला आहात, प्रवासातून आलात, असं काय काय म्हणाले. ती ऐकेना. आम्ही स्टुडिओत गेलो. काळं कापड लावलं, स्टूल ठेवलं. ती बसली आणि मग तिने पदराची गाठ सोडली. आत बांगड्या होत्या, काचेच्या, हिरव्या. फोडलेल्या नव्हत्या, उतरवून ठेवलेल्या.

"पाह्यल्याबिगर कशाले फोडू म्हटलं," ती म्हणाली आणि एकेक करून हातात चढवायला लागली. रात्रभरच्या प्रवासाने हात सुजले होते, बांगड्या जाईनात. तिच्या नवऱ्याने बाटलीतलं पाणी हातावर ओतलं, मग गेल्या. हात मांडीवर, बांगड्या दिसतील असे ठेवून ती ताठ बसली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

आजवर किती माणसं माझ्यासमोर बसली असतील. लग्नासाठी, नोकरीसाठी, रेशनकार्डासाठी. पण आपण मेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो आहे हे मनात धरून माझ्या डोळ्यांत बघणारं कुणी बसलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या मागे मला लपता येईना. पहिला फोटो हलला. दुसराही हलला. मी कॅमेरा खाली घेतला आणि ओढणीने हात पुसले.

"सावकाश काढा, बाई," ती म्हणाली. "आमी कुठी चाललो?"